चकलीच्या वासावर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी 'रविवारी जरा बाहेर गेलो होतो' एवढंच म्हणालो आणि आईने लगेच विचारलं, "कोणाबरोबर?" तेव्हा विषय टाळला. आता सांगतो : दोन कुत्र्यांबरोबर.

तुम्ही आला होतात तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसणारे शेजारचे आजोबा आठवतात ना? ते सशाचा माग काढणारे बीगल पाळतात. विमानतळावर बाबांच्या बॅगेशेजारी येऊन बसलेली ती कुत्री याच जातीची. भुंकली नाही, काही नाही, नुसती बसली आणि आईचे चार हापूस गेले! आई, तिच्यावरचा राग सोड आता. विमानतळांवर बीगल नेमायला इथे १९८४ साली लॉस एंजेलिसपासून सुरुवात झाली. त्यांना अगदी आधी जे पाच वास शिकवतात, त्यांत सफरचंद, लिंबू-संत्र्यांची फळं आणि दोन प्रकारचं मांस, पाचवा आंबा. तुझे हापूस सुटणं शक्यच नव्हतं.

तर आम्ही गेलो आल्डीच्या बाजूला, इथे व्हर्जिनियातच. डेटा सेंटरच्या भिंती संपल्या की एकदम दगडी बांध आणि गवताचे माळ लागतात. राष्ट्रीय बीगल क्लबची जुनी जागा याच गावाजवळ आहे. आम्ही मात्र आजोबांच्या ओळखीतल्या एका शेतावर थांबलो. पारा उणे तीन, गवतावर पांढरं हिव. मी उतरायला निघालो, पण आजोबा जागचे हलेनात. म्हणाले, गोठलेल्या जमिनीत वास अडकून बसतो. ऊन येऊन हिव विरघळायला लागलं, ओल सुटली, की मग तो वर येतो. कोरडा वारा असला तर दिवस फुकटच. मग तासभर गाडीत कॉफी आणि आईच्या चकल्या.

आधी पिल्लाची शिकवणी. सशाच्या वासाचं फडकं दोरीला बांधून गवतातून ओढत न्यायचं, मध्ये एकदोन वळणं घ्यायची आणि शेवटी खाऊ ठेवायचा. दोरी लांब काठीला बांधायची, म्हणजे फडकं आपल्या पावलांपासून दूर राहतं. मला वाटलं, एवढा थाट कशाला? दोरी हातातच धरली आणि निघालो. पिल्लू सोडलं तर ते फडक्याच्या मागाला ढुंकूनही न बघता माझ्या बुटांच्या ठशांवरून थेट आलं आणि जाकिटाच्या खिशात तोंड खुपसलं. खिशात दोन चकल्या होत्या. आजोबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या खेपेला काठी घेतली, मग जमलं.

नंतर म्हातारी कुत्री सोडली. काटेरी झुडपातून ससा उठला, तो मला दिसलासुद्धा नाही. गवतावर फक्त तिच्या शेपटीचं पांढरं टोक हलत होतं. माग लागला की ती भुंकत नाही, सूर ओढते. मागून पिल्लाने तो सूर धरला, कीर्तनात टाळकरी धरतो तसा, थोडा बेसूरच. इथला ससा लांब पळून जात नाही, मोठा फेर घेऊन निघाल्या जागेकडेच येतो. त्यामुळे आपण एका जागी उभं राहून नुसतं ऐकायचं. सूर लांब जातो, टेकडीमागे बारीक होतो, मग परत जवळ यायला लागतो. थंडीत पायाची बोटं बधिर झाली होती, पण तिथून हलावंसं वाटेना.

मध्येच सगळं गप्प. सशाने वळण घेतलं होतं. पिल्लू सैरावैरा पुढे पळालं. म्हातारी मात्र मागे फिरली, वास जिथे तुटला तिथे आली आणि तिथून लहान लहान फेऱ्या घालत हुंगू लागली. बाबा, तुम्ही चष्मा असाच शोधता, शेवटचा पेपर जिथे वाचला तिथून. घरभर धावणारं कोण, ते लिहीत नाही.

आई, सशाला काही झालं नाही. तो काट्यांत शिरला आणि आम्ही कुत्र्यांना दोऱ्या लावल्या.

आता खरी गोष्ट. आजोबांच्या गुडघ्यांना दोन कुत्री झेपत नाहीत. मार्चपासून पिल्लू माझ्याकडे येतंय. तिच्या इंग्रजी नावाची तू चिंधडी उडवशील, म्हणून मी चिंगी म्हणतो. देवघराच्या खोलीला फाटक बसवलंय, फोटो बाबांना पाठवतो.

पुढच्या वेळी बॅगेत काय भरलंय ते आधी मला कळवा. आता विमानतळावरून सुटलात तरी घरी तपासणी आहे.

तुमचा,
बंडू