धरण आमच्या उशाशी, अहवाल तुमच्या कपाटात

मा. जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

परवा रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, 'धरण फुटलं.' पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली. आईला पाठुंगळी मारून टेकडीवरच्या देवळाकडे निघालो. वाटेत पाय घसरला आणि तिचा खुबा मोडला. धरण फुटले नव्हतेच, सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, वाहत होता एवढेच. पण हे सांगायला कोणी नव्हते. धरणाचे काम पाहणाऱ्या साहेबांचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रक आले, 'अफवांवर विश्वास ठेवू नका.' मग कशावर ठेवायचा, तेही लिहायचे होते.

उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत याच साहेबांनी शब्द दिला होता की पावसाळ्याआधी तपासणी करू, अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू, कोणती घरे पाण्याखाली जातील त्याचा नकाशा देऊ. फलकावर आज वृक्षलागवडीचे पोस्टर आहे. माहिती अधिकारात विचारले तर 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही'. कोणाच्या सुरक्षेच्या, साहेब?

भरावावर बाभळी माजल्यात. मातीचे धरण थोडे पाझरणारच, एवढे आम्हालाही कळते. पाझर निवळ असेल तोवर ठीक. गढूळ झाला की आतली माती सुटू लागली समजायचे. यंदा तो गढूळ आहे. बाटलीत भरून कार्यालयात नेला, तर आवक-जावकवाल्याने विचारले, यावर शिक्का कुठे मारू?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी आधीच झालेल्या होत्या. वीसेक माणसे गेली आणि तुमच्याच खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले. खेकडे बिचारे खुलासा करायला येत नाहीत, हे सोयीचे. २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला, वाटले आता तरी. पण तो १५ मीटरवरच्या धरणांना, आणि १० ते १५ मधल्या काहींना. आमचे दहाच्या आतले. म्हणजे बुडायलासुद्धा आमची उंची कमी पडली!

देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात, दोन हजारांवर, हे भाषणात ठणकावून सांगता. बांधताना टेंडर निघते, फुटल्यावर चौकशी लागते; मधल्या तीस-चाळीस वर्षांसाठी तुमच्याकडे पैसाही नाही आणि माणूसही नाही. पुलांचे तेच, शाळांच्या छपरांचे तेच. फीत कापायला सगळे हजर, डागडुजीचे नाव काढले की फाइल वर गेलेली असते. १९६१ च्या पानशेत धरणफुटीपासून आम्ही काय शिकलो? चौकशी आयोग नेमायला!

आईच्या ऑपरेशनला पेरणीचे पैसे गेले. ढग गडगडला की ती अंथरुणातून विचारते, 'निघायचं का रे?' भाऊ म्हणतो, घर विकून पुण्याला ये. धरणाखालचे घर घेणार कोण?

तपासणीचा अहवाल, बुडिताचा नकाशा, एक भोंगा आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर, एवढेच मागतो आहे. धरण भरलेय, तेव्हा जलपूजनाला याल. नारळ आम्ही आणू, तुम्ही अहवालाची झेरॉक्स आणा.

आपला,
धरणाखालचा एक शेतकरी