सुभेदाराच्या हाती तिजोरी नव्हती

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील मोगल राजवटीवरच्या लेखात सुभेदार म्हणजे त्या प्रांतापुरता राजाच, असे म्हटले आहे. आपल्याकडे ही समजूत शायिस्तेखानामुळे घट्ट झाली असावी. पण १६६३ मध्ये लाल महालात बोटे गमावलेल्या या सख्ख्या मामाला औरंगजेबाने त्याच वर्षी बंगालच्या सुभ्यावर धाडले. एका फर्मानासरशी सुभा बदलणारा कसला राजा?

अकबराने १५८० मध्ये साम्राज्याचे १२ सुभे पाडले. फौज आणि बंदोबस्त सुभेदाराकडे होता, पण पुढे १५९५-९६ पासून वसुली आणि खजिन्याचा मालक दिवाण झाला आणि तो थेट दरबारच्या दिवाणाला जबाबदार राहिला. शिवाय सुभ्यातली बित्तंबातमी वाकेनवीस हा बातम्या टिपणारा अधिकारी परस्पर बादशहाला कळवीत असे.

ही व्यवस्था कागदावरची नव्हती. १७०० मध्ये बंगालचा दिवाण म्हणून मुर्शिदकुलीखान गेला. (जन्माने हा दख्खनी ब्राह्मण असल्याचे सांगतात, वऱ्हाडच्या दिवाणीतही त्याने काम केले होते.) तिथला सुभेदार अझीम-उश-शान हा खुद्द औरंगजेबाचा नातू. पैशाला आडकाठी आल्यावर शाहजादा बिथरला. थकलेल्या पगाराचे निमित्त करून शिपायांनी ढाक्यात दिवाणाला घेरले, त्यामागे शाहजाद्याचीच फूस असल्याचा बोभाटा झाला. दिवाणाने बादशहाकडे तक्रार केली, स्वतःची कचेरी ढाक्याहून दुसऱ्या गावी हलवली आणि त्या गावीच पुढे मुर्शिदाबाद उभे राहिले. बोलणी खावी लागली ती नातवाला. त्याला पाटण्याला जावे लागले. आजोबांना नातवापेक्षा बंगालचा वसूल मोलाचा होता, कारण मराठ्यांशी चाललेली दख्खनची मोहीम त्यावर तगून होती!

लेखात ज्याला सुभेदारांची मनमानी म्हटले आहे, ती खरी नंतरची. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या काळात मुर्शिदकुलीखान स्वतःच सुभेदार झाला आणि दिवाणीवरची पकडही त्याने सोडली नाही. तलवार आणि तिजोरी एका हाती आल्यावर दिल्लीकडे उरले ते खंडणीपुरते नाते. दख्खनमध्ये तर बादशाही नेमणुकीचा सुभेदार मुबारिझखान १७२४ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाशी लढताना मारला गेला आणि बादशहाला पुढे निजामालाच मान्यता द्यावी लागली.

लेखमालेचा पुढचा भाग अजून यायचा असेल, तर त्यात दिवाणालाही दोन परिच्छेद मिळावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे