बायच्या फीबद्दल, स्विंडनहून

स्विंडन, इंग्लंड
१२ जुलै २०२५

तीर्थरूप मामा आणि सौ. मामी यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आईचा फोन आला. तुमच्या बायला बारावीनंतर थेट इंग्लंडला पाठवायचं घाटतंय आणि त्यासाठी सावंतवाडीचं घर बँकेत तारण ठेवायचा विचार आहे, असं ती म्हणाली. रात्रभर झोप लागली नाही, मामा. फोनवर बोलले असते, पण तुमच्यासमोर माझ्याच्याने नीट बोलवत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या कर्जाचं तुम्हाला वरवर माहीत आहे. २०२१ साली पेडण्यातलं आमचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, तारण ठेवून म्हापशाच्या एका बँकेतून वीस लाख काढले. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक बहुधा तारण मागते. तुमच्याकडे सातबारा असतो तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा. त्यावर अजून आजोबांचं नाव, खाली तिन्ही काकांची. बाबा सरकारी मराठी शाळेतून सुटले की प्लॅस्टिकची निळी फाईल काखेत मारून कदंब बस पकडायचे आणि एकेका काकाकडे सहीसाठी जायचे. धाकट्या काकांनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. बोलले काहीच नाहीत. ते पेन खाली ठेवणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आता आकडे सांगते, कारण तेव्हा आम्हाला ते कुणी मांडून दाखवले नाहीत. व्याज साडेदहा टक्के. शिक्षणाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, याला बँकवाले मोरेटोरियम म्हणतात. आम्हाला वाटलं, दोन वर्षं सुटका. पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच असतं. दोन वर्षांनी खातं उघडून बघितलं तर वीसाचे जवळपास चोवीस लाख झालेले. आता दहा वर्षं महिन्याला ३२,४०० च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ३९ लाखांच्या घरात. शिक्षण चालू असतानाच महिन्याचं व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. हे मला कर्ज फेडायला लागल्यावर कळलं. बाबांनी पगारातून ते व्याज भरलंही असतं. त्या बँकेत एकाही माणसाला हे सांगावंसं वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

आणि एक गोष्ट आईनेसुद्धा तुम्हाला सांगितली नसेल. पदवीनंतर मला मनासारखी नोकरी लवकर मिळाली नाही. इथल्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी भरत होते. २०२३ च्या ऑक्टोबरचा हप्ता माझ्याकडून चुकला. सहकर्जदार बाबा, त्यामुळे बँकेचा फोन त्यांना गेला, तोही वर्ग चालू असताना. ते व्हरांड्यात आले, ‘हो, भरतो’ म्हणाले आणि परत पाढे घ्यायला आत गेले. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, त्यांचंही बिघडलं. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

मी राहते त्या घराची मालकीण मडगावकडची. पोर्तुगीज पासपोर्टावर इथे आलेली गोंयकार कुटुंबं स्विंडनमध्ये पुष्कळ आहेत. तिच्या मुलीला इथलं सरकारी विद्यार्थी कर्ज मिळतं, कारण त्यांना इथे कायमचं राहायची मुभा आहे. मला ते मिळालं नाही, बायलाही मिळणार नाही. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला परदेशी फी, आणि ती इथल्यांच्या फीपेक्षा किती तरी जास्त.

त्या मुलीच्या कर्जाची रीत मी तिच्याकडून समजून घेतली. इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत सरकार विद्यापीठाची फी घेतच नव्हतं. मग वर्षाला हजार पौंड सुरू झाले, २००६ मध्ये तीन हजार, २०१२ मध्ये नऊ हजार, आणि २०२५ मध्ये ९,५३५. इथल्या आईबापांच्याही पोटात गोळा येतोच. पण तिने कर्ज घेतलं ते कुणाचं घर, कुणाची सही, कुणाचा जामीन न देता. नोकरी लागून वर्षाचा पगार २५,००० पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेचे नऊ टक्के पगारातूनच कापले जातात. २७,००० पगार असला तर महिन्याला १५ पौंड. नोकरी गेली तर कापणं बंद. चाळीस वर्षांत जे फिटणार नाही ते माफ. चाळीस वर्षं मानेवर ओझं हे काही चांगलं नाही, ती मुलगीही कुरकुरते. पण तिच्या वडिलांना वर्गातून बाहेर बोलावणारा फोन कधी येणार नाही. माझा हप्ता माझा पगार बघत नाही मामा, तो तारीख बघतो.

तुम्ही म्हणाल, मग बायने शिकायचंच नाही का? शिकायचं, भरपूर शिकायचं. पण आधी तिच्या हक्काचं आहे ते पदरात पाडून घ्या. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये ठरवलं आहे की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश मात्र कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही. तुमचं उत्पन्न आठाच्या आत आहे, ओबीसीचा दाखला घरात आहे, आणि बायचे सीईटीचे गुण चांगले आहेत. इंजिनीअरिंगची चार वर्षं या दोन्ही फी न भरता होतील. राहायला-जेवायला कमी पडलं तर चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही.

आमच्या धाकट्या भावाला गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज मिळालं, घेतलं तेवढंच परत करायचं. ते बायला नाही मिळणार, पत्रादेवीला गोव्याची हद्द संपली की ती योजनाही संपते. पण हद्दीच्या अलीकडे आमच्या मुलींना जे नाही ते तिला तुमच्याकडे आहे. ते सोडून तिला लाखोंच्या फीखाली घालू नका. परदेशी प्रवेश करून देणारा पणजीचा तो एजंट मोफत सल्ला देतो म्हणालात ना? त्याचं कमिशन विद्यापीठ देतं. तो तुम्हाला रत्नागिरीच्या कॉलेजात जा असं कशाला सांगेल?

पदवी झाली, दोन वर्षं नोकरी केली आणि तरीही तिला इथे यायचं असलं तर मी आहे. तेव्हा पगाराची स्लिप तिची असेल, कर्ज तिच्या नावावर असेल आणि मामीचं तुळशीवृंदावन बँकेच्या कागदात नसेल.

कॅपच्या फॉर्मची तारीख हुकवू नका. नॉन-क्रिमीलेअर दाखला, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा, ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा हवा. जुना असेल तर सोमवारीच तहसीलला जा, तिथे या दिवसांत रांग मोठी असते. बायला सांगा, रविवारी तुमच्या रात्री आठला मी फोन करते, कॉलेजांचा पसंतीक्रम आपण दोघी बसून लावू. ती रुसली असेल तर रुसू दे, फोन मात्र उचल म्हणावं.

चतुर्थीला यंदाही येणं जमणार नाही. गणपतीच्या वर फळं टांगतो त्या माटोळीला बांधायला तुमच्याकडचा नारळांचा घड आईकडे पोचवा, ती वाट बघते.

तुमची भाची