आधी बुसरा कोंबडीच्या जनुकसंचाची नोंद, मग सुधारित पिल्लांचे वाटप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बर्ड फ्लूची साथ आली की मारलेल्या पक्ष्यांचे आकडे छापून येतात, भरपाईचे दर येतात, चिकनचे पडलेले भाव येतात. मारलेल्यांत गावठी कोंबड्या किती होत्या आणि त्यांच्याबरोबर कोणते वाण कायमचे गेले, हे कुणी विचारत नाही. म्हणून आमच्या भागातल्या बुसरा या गावठी जातीसाठी हे पत्र.

भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोहोचला. नवापुरात २०२१ साली पुन्हा तेच झाले. शेडमधल्या लाखो पक्ष्यांबरोबर ठरलेल्या अंतरातली घराघरांतली कोंबडीही मारावी लागते. रोग पसरू नये म्हणून ते आवश्यकच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेडवाला हॅचरीतून नवी पिल्ले आणून पुन्हा उभा राहतो. ज्या बाईच्या अंगणातली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कोंबडी गेली, तिने ती कोणत्या हॅचरीतून आणायची?

मी पशुवैद्यक म्हणून नोकरी केली. त्या वर्षांत एक प्रश्न सतत डोक्यात होता. ज्या विषाणूने कोंबड्यांचे शेड दोन-तीन दिवसांत रिकामे होते, तोच पोटात घेऊन रानबदके तलावातलावांवर कशी फिरतात? त्याचे एक मोठे उत्तर २०१० साली मिळाले, आणि तेही दोन पक्ष्यांची जनुके शेजारी ठेवून पाहिल्यामुळे. पेशीत फ्लूचा विषाणू शिरला की ते ओळखून धोक्याचा इशारा देणारे ‘रिग-१’ नावाचे जनुक बदकात आहे, कोंबडीत ते नाहीच. उत्क्रांतीच्या वाटेवर कधीतरी ते गळून पडले. शास्त्रज्ञांनी बदकाचे हे जनुक प्रयोगशाळेत कोंबडीच्या पेशींत घातले, तेव्हा त्या पेशींत विषाणूची वाढ कमी झाली. बदकाला वाचवणारे एवढे एकच कारण नाही, आणि एच५एन१चे काही प्रकार बदकांनाही मारतात. तरी माझ्या दृष्टीने पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, तुलनेतून निघालेली, शेतकऱ्याच्या इतक्या जवळची दुसरी गोष्ट नाही.

ही तुलना फार जुनी नाही. पक्ष्यांमध्ये पहिला जनुकसंच वाचला गेला तो कोंबडीचा, २००४ साली. नमुना होता तांबड्या रानकोंबडीच्या एका मादीचा. डीएनएच्या सुमारे १०० कोटी अक्षरांचा हा मजकूर माणसाच्या जनुकसंचाच्या साधारण एक तृतीयांश भरतो. त्याच वेळी मांसाची, अंड्याची आणि रेशमी पिसांची अशा तीन पाळीव जातींशी तो ताडून पाहिला, तेव्हा २८ लाख जागी अक्षर बदललेले दिसले. २०१० मध्ये टर्की आली, २०१३ मध्ये बदक आणि कबूतर, आणि २०१४ मध्ये एकदम ४८ पक्षिजातींची तुलना झाली. कोंबडीची गुणसूत्रे ७८, टर्कीची आणि बदकाची ८०. एवढी कोट्यवधी वर्षे वेगळ्या वाटांनी गेल्यावरही जनुकांची मांडणी बरीचशी तीच राहिली आहे. कोंबडीचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र टर्कीत दोन तुकड्यांत सापडते, पण त्यावरची जनुके बव्हंशी ओळखीच्याच क्रमाने. त्यामुळे एका पक्ष्यात सापडलेले जनुक दुसऱ्यात कुठे शोधायचे हे चटकन कळते.

आता आपल्या अंगणातली कोंबडी पाहा. काहींच्या पायाच्या नळीवरचे खवले हळदीसारखे पिवळे असतात, काहींचे पांढरट किंवा करडे. सगळ्या पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबडीपासून आल्या असे डार्विनपासून मानले जात होते. २००८ साली पिवळ्या कातडीचे जनुक तपासले गेले, तेव्हा त्याचे वळण तांबड्या रानकोंबडीशी जुळेना, जुळले राखी रानकोंबड्याशी. हा पक्षी फक्त भारतातला. सह्याद्रीत पहाटे याचे आरवणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. खाण्यातला पिवळा रंग मोडून टाकणारे जनुक पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत कातडीपुरते मंद पडते आणि तो रंग पायात साठतो. जगभर विकल्या जाणाऱ्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत आपल्या रानातल्या पक्ष्याचा हा अंश आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. आणि म्हणूनच आपल्याच गावठी कोंबडीच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर का, याचा राग येतो.

बुसरा ही नंदुरबार-धुळे आणि लगतच्या डांग-सुरत भागातली नोंदणीकृत जात. मावची, भिल्ल, कोकणी कुटुंबांनी ती जपली. अंगावर पांढऱ्यात काळा आणि तांबूस रंग मिसळलेला, बांधा मध्यम, वर्षाला अंडी जेमतेम चाळीस-पन्नास. कागदावर ही कोंबडी तोट्यातच दिसणार. पण ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की भाताच्या पेंढ्यावर अशी बसते की हात जवळ नेला तरी उठत नाही, पिसे फुगवून चोच मारते आणि पिल्ले काढूनच बाहेर येते. वीज नाही, उबवणी यंत्र नाही, विकतचे खाद्य नाही. अंड्यांच्या व्यापारी लेगहॉर्न जातीतून हा गुण निवड करकरून जवळजवळ काढून टाकला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी द्यायचे थांबवते. शेडमध्ये तो तोटा, पाड्यावर मात्र त्याच गुणावर पुढची पिढी उभी असते.

जगभरच्या कोंबड्यांची अशी जनुकीय तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून दिसले की व्यापारी शुद्ध वंशांत मूळ जातींतल्या विविधतेचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग उरलेलाच नाही. उद्या एखादा नवा रोग आला आणि त्याला तोंड देणारे वाण त्या गेलेल्या निम्म्यात असेल, तर ते शोधायला कुठे जायचे? बुसरा, असील, कडकनाथ अशा देशी जातींकडेच. कडकनाथचे नाव झाले, त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बुसराचे नाव तिच्या जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनांतून सुधारित पिल्ले वाटली जातात. त्यामागचा हेतू चांगला आहे, बायकांच्या हातात चार पैसे येतात, हे मी पाहिले आहे. पण त्या पिल्लांतले नर मोठे होऊन गावभर फिरतात आणि काही पिढ्यांत गावची कोंबडी ना धड ही राहते ना ती. खरे तर परसातल्या कोंबड्या सर्वांत जास्त मरतात त्या मानमोडी (राणीखेत) रोगाने. त्याची लस वेळेवर पाड्यापर्यंत पोहोचली, तर बुसराच पुष्कळ देऊन जाईल.

कुणी म्हणेल, गायी-म्हशींसारखे वीर्य गोठवून ठेवा. पक्ष्यांत ते पुरत नाही. सस्तन प्राण्यांत नराकडे एक्स आणि वाय ही गुणसूत्रे असतात, पक्ष्यांत उलटे: नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. कोंबड्याच्या वीर्यात डब्ल्यू गुणसूत्र नसतेच, त्यामुळे मादीकडून चालत आलेला वारसा त्यातून परत मिळत नाही. बलकाने भरलेले अंडे गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. अगदी कोवळ्या गर्भातल्या बीजपेशी गोठवण्याचे तंत्र आले आहे, पण ते मोजक्या प्रयोगशाळांत. जिवंत कळप ठेवणे हाच आपल्या आवाक्यातला उपाय आहे.

पशुसंवर्धन विभाग, नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी मिळून नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, साक्री भागातल्या बुसरांचे नमुने गावनिहाय घ्यावेत. हे काम अवघड नाही. पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशीतही केंद्रक असते, त्यामुळे पंखाखालच्या शिरेतला कागदावर टिपलेला एक थेंब पुरतो. जनुकसंच वाचून कोणत्या गावात कोणता वाण शुद्ध उरला आहे हे जाहीर करावे. त्या गावांत सुधारित नर देऊ नयेत, निवडक बुसराचीच पिल्ले द्यावीत, आणि शुद्ध कोंबडे सांभाळणाऱ्या कुटुंबांना वार्षिक मानधन मिळावे. बुसराचे किमान दोन सरकारी कळप एकमेकांपासून इतके दूर असावेत की एका साथीत दोन्ही मारावे लागणार नाहीत. त्यातला एक नवापूर तालुक्याबाहेर हवा. पुढची साथ येण्याआधी एवढे तरी व्हावे, अशी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
नवापूर, जि. नंदुरबार