गाळणी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. बाबा दोनदा "हं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, आणि आई, तू माझ्याआधी रडायला लागतेस. म्हणून पत्र. बाबा तुला मोठ्याने वाचून दाखवतील, पण स्वतःबद्दलचं मधलं मधलं गाळतील. तेव्हा नंतर तूही एकदा वाच.

आधी त्या रात्रीचं. पिल्लूसमोरचं ताट मी उचललं आणि जाता जाता जे बोलले, ते बाबा, तुम्हाला फार लागलं. तुमचा घास हातातच राहिला होता. मी आत ओट्याशी उभी राहून तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला आणि तरी बाहेर आले नाही. पुढचे चार दिवस तुम्ही "भूक नाही" म्हणत अर्ध्यातून उठलात, आणि मी ते चालवून घेतलं. ते वाक्य मी मागे घेते. ताट उचललं, ते मात्र मागे घेत नाही.

कारण आमचं दोघांचं ठरलंय. आमच्या घरी पिल्लूला ताट संपवायची सक्ती नाही. "एक घास आजोबांचा" नाही, "हे संपवलंस तर गोड मिळेल" नाही, आणि सगळे उठून गेल्यावर त्याला एकट्याला ताटासमोर बसवून ठेवणं तर नाहीच. त्याला हे सांगूनही झालंय, म्हणजे आता त्यात बदल नाही. तुम्ही सुट्टीत याल तेव्हाही हेच चालेल. तुमच्यावरच्या रागातून हे आलेलं नाही, शपथ. तुम्ही याल तेव्हा जेवताना कुणी कुणाकडे चोरून बघत बसू नये, म्हणून आधीच लिहून टाकते.

बाबा, तुम्ही विचाराल, "याला आधार काय?" हा प्रश्न तुम्हीच मला शिकवलात, त्यामुळे आधार गोळा करूनच लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणालात, मुलगा लाडाने बिघडलाय. बाबा, साधारण दोन ते सहा या वयात बहुतेक मुलांना नवीन अन्नाची भीतीच वाटते. काल खाल्लेलं आज नको म्हणतात. २००७ मध्ये जुळ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते अकरा वर्षांची मुलं होती ती. नवीन पदार्थाला बिचकण्यात मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला जवळजवळ ७८ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. म्हणजे बराचसा पिंडच तो. आणि हा पिंड कुठून आला असेल ते आपल्या घरात मी वेगळं सांगायला नको.

कोबीचंही तसंच. तो "कडू आहे" म्हणतो आणि आपण म्हणतो, "कोबी कुठे कडू असतो?" १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड उडाली. शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून तोंड वाकडं करू लागला, आणि फॉक्सना स्वतःला कसलीच चव लागेना. तेव्हापासून माहीत झालं की काही माणसांना एक विशिष्ट कडवटपणा जाणवतच नाही आणि काहींना तो असह्य होतो. २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. कोबीच्या कुळातल्या भाज्यांत फॉक्सच्या त्या रसायनाशी नातं सांगणारी द्रव्यं असतात. पिल्लूची तपासणी काही मी केलेली नाही. पण तो खोटं बोलत नसेल, एवढं तरी मी धरून चालणार.

आणि सक्तीचा उपयोगही होत नाही हो. २००६ मधला एक प्रयोग वाचला. लहान मुलांना सूप दिलं. काहींना सारखं "संपव, संपव" म्हटलं, काहींना काहीच म्हटलं नाही. ज्यांच्या मागे लागले नाहीत ती मुलं जास्त प्यायली, आणि मागे लागलेल्यांनी सूपला नावंही जास्त ठेवली. मी तीन वर्षं मागेच लागत होते. तुमच्यापेक्षा जास्त.

म्हणून मी त्याला उपाशी ठेवते असं आई, तू मनात आणू नकोस. तो आमच्याच ताटातलं जेवतो, वेगळं शिजवत नाही. नको असलेली भाजीही त्याच्या ताटात अगदी नखाएवढी असतेच, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काही मुलांना एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळा समोर यावा लागतो, मग ती चाखून बघतात. वांग्याला सध्या आमचा सातवा दिवस झाला, कालच त्याने बोटाने दाबून पाहिलं. अंडं, वाटाणे, फळं, दही सगळं खातो. वजन, उंची दोन्ही वयाप्रमाणे आहेत, डॉक्टरांनी तक्त्यावर खूण करून दाखवली. गाजर तर आवडीने खातो, आणि त्याचं श्रेय तुझं. तो पोटात होता तेव्हा तू मला गाजरं खायला लावलीस, आठवतं? आईच्या आहारातल्या चवी गर्भजलातून बाळापर्यंत पोचतात. २००१ मध्ये एका अभ्यासात काही गर्भवती बायकांना गाजराचा रस दिला, तर त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीची पेज जास्त आवडली. तू हे काही न वाचताच केलंस.

आता दुधाचं. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

बाबा, मला ती साय अजून दिसते. पेला दोन्ही हातांत, वरची साय आक्रसून कडेला चिकटलेली, आणि तुम्ही समोर पेपर धरून. पेपराचं पान उलटत नव्हतं, म्हणजे तुम्ही वाचत नव्हता. दूध निवत जायचं तशी साय जाड होत जायची. मला वाटायचं, मी वाईट मुलगी आहे म्हणून माझा घसा मिटतो. किती वर्षं मी असंच समजत होते.

गेल्या महिन्यात आई सहज म्हणाली, "त्या मोठ्या तापात तू दूध उलटलंस ना, तिथून सुरू झालं ते." मला तो ताप आठवतही नाही. १९५५ मध्ये जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला होता. उंदरांना गोड पाणी दिलं आणि किरणांच्या माऱ्याने त्यांना मळमळ आणली. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता, तरी उंदरांनी पुढे ते गोड पाणी टाळलं. पोट बिघडलं की शरीर शेवटी खाल्लेल्या चवीला धरतं, मग आजार कशानेही आलेला असो. एकदा घडलं तरी वर्षानुवर्षं पुरतं. म्हणजे चूक दुधाची नव्हती, माझी नव्हती आणि बाबा, तुमचीही नव्हती. माझ्या अंगाने तो ताप लक्षात ठेवला आणि आपण तिघं साईशी भांडत बसलो.

आणि मग ती गाळणी. तुम्ही आत झोपायला गेलात की आई माझं दूध गाळून द्यायची. बारीक जाळीची ती छोटी गाळणी, डब्यामागे लपवलेली. ते आम्हा दोघींचं गुपित आहे असं मी चाळीस वर्षांची होईपर्यंत मानत होते. आईने आत्ता सांगितलं की ती गाळणी तुम्हीच आणली होती. आणून ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "मी झोपल्यावर वापर." बाबा, हे आधी कळलं असतं तर त्या रात्री मी ते वाक्य बोलले नसते. हे कळल्यापासून मी तुमच्याशी भांडूच शकत नाही. पण सांगायचं ते सांगायला हवंच.

भोपळ्याबद्दल तुमच्यासमोर कधी बोलत नाही आपण, आजही फार बोलणार नाही. काकांकडचं ते वर्ष. ताई म्हणते, तुम्हाला अजून त्याचा वाससुद्धा सोसत नाही. आपल्या घरात भोपळा कधी आला नाही, आणि आई, तू एकदाही त्यांना "एक घास खाऊन तर बघा" म्हणाली नाहीस. लग्नाच्या घरात तो वाढायला आले की तू यांच्या ताटावर हात आडवा धरायचीस, तुझ्या लक्षातही येत नसेल. बाबा, मला पिल्लूच्या ताटावर एवढाच एक हात हवाय.

आणि तुम्हाला ताट रिकामं झालेलं का लागतं तेही मला कळतं. ज्याने रिकामं पातेलं पाहिलंय त्याला भरलं ताट परत जाताना बघवत नाही. म्हणून एक शब्द देते. आमच्याकडे अन्न टाकलं जाणार नाही. ताटात कमी वाढते, उरलं तर झाकून ठेवते आणि संध्याकाळी मी खाते. तुम्ही याल तेव्हा बघालच.

याल तेव्हाची काळजी करू नका. तुमची खुर्ची खिडकीकडेच आहे, तिच्यावर पाठीला लावायची उशी नवी शिवून घेतली. टेबलावरचा दिवा बदलला, आता ताटातलं स्वच्छ दिसतं. भाज्या तुमच्यापुरत्या जास्त शिजवून मऊ करेन, मिठाचं तुमचं वेगळं काढेन. आई, तुझं गरम पाणी रात्री उशाशी ठेवायचं माझ्या लक्षात आहे. आणि भोपळा ह्या दारातून आत येणार नाही.

आता माझं ऐका दोघंही.

बाबा, आई म्हणाली तुमच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. ६३ चे ५८ झालात ते सहा महिन्यांत. न ठरवता सहा महिने-वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवायचंच असतं. तुमचं जवळजवळ ८ टक्के उतरलंय. या आठवड्यात जायचं, पुढच्या नाही. जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, चिठ्ठीवर नावं लिहून नेऊ नका. तुम्ही आमच्याकडे असताना तीनदा म्हणालात, "कशाला चवच लागत नाही," आणि मला वाटलं रुसला आहात. माफ करा मला. वय वाढलं की जिभेपेक्षाही वास घेण्याची शक्ती मंदावते, आणि चवीतलं बरंचसं वासातूनच येतं. काही औषधांनीही तोंड बेचव होतं. हे सगळं डॉक्टरांना सांगा, "बरं आहे" म्हणून उठून येऊ नका. कवळी सैल झाली असेल तर तीही दाखवून घ्या.

दर रविवारी सकाळी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. आई, तू लिही, ते गोल आकडा लिहितील.

या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. तुमच्या ५८ किलोला साधारण ५८ ते ७० ग्रॅम झाली. दोन अंड्यांतून १२ मिळतात, पेलाभर दुधातून ८. बाकीचं डाळी, दही, दाणे, जे रुचेल त्यातून. काय खायचं ते तुम्हीच ठरवा, त्यात मी पडणार नाही. पोटात किती जातंय तेवढं मात्र बघणार.

आणि पालेभाज्या. मी मागे रागावून म्हणाले होते ना, रोज भरपूर पालेभाजी खा, तसं एकदम सुरू करू नका. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तुम्ही वॉरफरिन घेता. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने त्याचा परिणाम कमी होतो. जेवढी खाता तेवढीच खात राहा, आणि वाढवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, रक्त तपासून घ्या. मी हे न बघता बोलले, ही माझी चूक.

आई, तू त्यांचं उरलेलं उभ्याउभ्याने खायचं बंद कर. त्यांच्याबरोबर बस. दोघं मिळून बसलात की तेही दोन घास जास्त जेवतील.

आणि एक विचारायचं राहिलंय. बाबांना भोपळा नको, ताईला कोथिंबिरीचा वास साबणासारखा येतो, मला साय नको, पिल्लूला कोबी नको. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. तुझं नाव घेतलं की मला काहीच आठवत नाही. "मला सगळं चालतं," हेच ऐकत आले. काल रात्री पिल्लूचं दूध गाळताना (हो, तोही साय काढून घेतो) गाळणीवरची साय मी चमच्याने काढली आणि तुझी आठवण झाली. माझ्या दुधावरची साय गाळणीत उरायची, ती तू तिथेच उभी राहून खाऊन टाकायचीस.

तुला ती आवडायची का गं? खरं काय ते लिही.

तुमची धाकटी