बाईंना 'गोट' म्हणावं का?

कराड

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बाईंच्या निरोपाच्या कार्डावर 'गोट' लिहू का, असं विचारणारा तुझा फोन काल ठेवल्यावर आई बराच वेळ हसत होती. "निवृत्त होणाऱ्या बाईंना शेळी म्हणायचं, आणि वर सगळ्यांनी त्याखाली सह्या करायच्या!" तिला म्हटलं, अगं, ही शेळी म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं. बॉक्सर मुहम्मद अलीच्या बायकोने १९९२ साली त्याच्या नावाचे व्यवहार सांभाळायला कंपनी काढली, तिचं नावच हे होतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतल्या खेळांत 'गोट' म्हणजे ज्याच्या चुकीने सामना हातचा गेला तो. बळीचा बकराच म्हण ना! आता तुझ्या गाइडबाई यातला कुठला अर्थ घेतील? तू म्हणतेस, त्यांना खेळात काडीचा रस नाही. मग त्यांना हे कार्ड कुणाकडून तरी समजावून घ्यावं लागणार. कौतुकाला दुभाषा लागला की त्यातली अर्धी गोडी तिथेच गेली.

मी बोलीतल्या शब्दांच्या विरोधात आहे असं समजू नकोस. एके काळी होतो. निबंधात 'ऑसम' दिसलं की मी लाल पेनाने खोडायचो आणि वर दिमाखात 'टेरिफिक' लिहायचो. पुढे कधीतरी डिक्शनरी चाळताना कळलं, की हे टेरिफिक मुळात 'टेरर'च्याच घरातलं. म्हणजे धडकी भरवणारं. घासून घासून सभ्य झालेलं. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. ज्या पोरांचं 'ऑसम' मी खोडलं त्यांची आता माफी मागायची तर पत्ते कुठे शोधू?

आणि प्रमाण इंग्रजी लिहिलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. शाळेत एक इंग्रज पाहुणे आले होते, भाषण छान झालं. मी पुढे होऊन, इस्त्रीचा शर्ट सावरत म्हणालो, "क्वाइट गुड, सर!" माझ्या लेखी क्वाइट म्हणजे अगदी, पुरेपूर. ते हसले, "थँक यू" म्हणाले आणि चहाकडे वळले. 'क्वाइट राइट' म्हटलं तर पुरेपूर बरोबर, पण ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'क्वाइट गुड' म्हणजे 'ठीक आहे, चालेल', हे मला फार उशिरा समजलं. तो चहाचा कप आठवला की अजून कानशिलं तापतात.

तुझ्या घरमालकांचं याच्या उलट. तुझे पोहे खाऊन 'नॉट बॅड' म्हणाले, म्हणून तू रुसलीस. अगं, त्यांनी पुन्हा ताटली पुढे केली हेही तूच सांगितलंस ना? इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या मितभाषी म्हाताऱ्याकडून याहून जास्त काय हवं? आपले आप्पा नव्हते का, सणाचं जेवण झाल्यावर 'वाईट नव्हतं' म्हणून ढेकर द्यायचे, आणि आजी दिवसभर खुशीत!

लॅबमधल्या मैत्रिणींना तू खुशाल 'लेजंड' म्हण, 'सिक' म्हण (आजारी नव्हे, तुमच्या बोलीतलं 'झकास'). फक्त रोज बोलतेस तेच शब्द वापर. त्यांच्यासारखं वाटावं म्हणून उसना आणलेला शब्द लगेच ओळखू येतो. गावात भाषणाला येणारा शहरी पाहुणा 'लय भारी' म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात खऱ्या, पण मागच्या रांगेत काय चालतं ते मी पाहिलंय.

बाईंच्या कार्डावर मात्र विशेषणच नको. मागच्या हिवाळ्यात तू तापाने पडली होतीस, तेव्हा त्यांनी तुझ्या प्रबंधाचं प्रकरण दोन दिवसांत वाचून परत पाठवलं होतं, समासात पेन्सिलीने बारीक बारीक लिहून. फोनवर वाचून दाखवताना तुझा आवाज बदलला होता. तेच लिही. 'यू रेड माय वर्स्ट ड्राफ्ट इन टू डेज. आय स्टिल हॅव युवर पेन्सिल नोट्स.' खाली सही. बाकीची मुलं काय लिहायचं ते लिहोत.

तरी 'गोट' लिहायचंच असेल तर कोपऱ्यात शेळीचं चित्र काढ, म्हणजे निदान हसतील तरी.

आई विचारते आहे, त्यांना तिळाचे लाडू पाठवले तर चालतील का? दातांचं विचारून कळव.

तुझे,
बाबा