रविवारच्या फोनआधीची दहा मिनिटं

ग्लासगो, जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बोलायला गेले की गाडी भलतीकडेच वळते, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. दोघांनी एकत्रच वाचा.

रविवारी तुमचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेतीन असतात. डिसेंबरात तर पावणेचारलाच सूर्य मावळतो. फोनच्या आधी दहा मिनिटं मी तोंड धुते, केस विंचरते आणि मागचं अंथरूण, खरकटी भांडी दिसणार नाहीत असा मोबाइल टेकवून ठेवते. मग "जेवलीस का?" "हो, थालीपीठ लावलं." आई, तुझ्या भाजणीची पिशवी मी अजून फोडलेली नाही.

नोव्हेंबरपासून हे चाललंय. आधी वाटलं थंडी, मग वाटलं आळस. एकदा लेक्चरला निघाले आणि कोट-बूट घालून दाराशीच दोन तास बसून राहिले. शेवटी शेजारच्या खोलीतली मुलगी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे नऊ प्रश्नांचा कागद दिला, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. २७ पैकी १७ आले. मार्क कमी पडावेत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं! नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो. तिथे मी शून्य लिहिलं आणि ते खरं आहे. आई, हे वाक्य हवं तितक्या वेळा वाच.

तर मला डिप्रेशन आहे. गोळी चालू आहे. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, माझा तिसरा चाललाय. गुरुवारी समुपदेशकाकडे जाते. एका असाइनमेंटची मुदत वाढवून मिळाली आहे.

हे सांगायला इतका उशीर का झाला? आपण ठाणेकर ना! 'ठाण्याला भरती करा' म्हणून पुण्याचे पाहुणे हसायचे, आपणही हसायचो. १९०१ पासून ते मनोरुग्णालय आपल्या गावात आहे आणि बाबा, त्याच्यावरून रिक्षा गेली की तुमचा आवाज आपोआप खाली यायचा. तो खालचा आवाज माझ्याही घशात बसलाय. म्हणून मावशीने विचारलं तर 'अभ्यासाचं टेन्शन' सांगू नका. आजाराचं नाव सांगा.

कर्जाचंही बोलूया. रात्री तीनला मला तारण ठेवलेला फ्लॅटच आठवतो. "तू हप्त्याची काळजी करू नकोस" म्हणालात की आकडा आणखी मोठा वाटतो. त्यापेक्षा किती उरलंय ते सरळ सांगा.

तिकीट काढू नका. लगेच 'परत ये'ही म्हणू नका, मला सध्या ठरवता येत नाही. तुम्हालाच धास्ती वाटली तर ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे जाऊन बोला. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहेच.

येत्या रविवारी मोबाइल फिरवून खोली दाखवते. आई, भांड्यांवरून ओरडायचं असेल तर खुशाल ओरड.

तुमची,
मनू